रात्र मोजणारं पीक

केसरबाई : अन् चहा काय नुसता हातात धरून बसायला दिला का, भाऊजी? साय धरली त्याच्यावर.

बद्रीनाथ : पितो की. गरम हाय म्हून जरा.

केसरबाई : गार झाला तो कवाच. आल्यापासून तुमी माझ्या गायीची तब्येत इचारली, दसऱ्याला झेंडू कुठून आणायचा ते इचारलं, पत्र्याला गंज चढला म्हणलात. सख्खा दीर, शेताला शेत अन् धुऱ्याला धुरा लागून, अन् एवढा फेरा घालून बोलतोय म्हंजी पोटात दुसरंच काय तरी हाय. त्या पिशवीत काय आणलंय?

बद्रीनाथ : सोयाबीन हाय. दोन झाडं उपटून आणली. बगा तुमीच.

केसरबाई : हिरवंगार हाय की. अन् शेंगा कुठं हायत?

बद्रीनाथ : तेच तर. गावात समद्यांचं काढून झालं, मळणी झाली. माझं विहिरीकडचं बी घरात आलं. फकस्त तुमच्या धुऱ्याजवळचं एकरभर, जिथं गेल्या साली कापूस व्हता, हे असं. कमरंइतकं वाढलंय, पानं बगावी तर भाजी करून खावी अशी. अन् शेंगा झाडाला चार, न्हाई तर पाच.

केसरबाई : बी खराब आसंल.

बद्रीनाथ : मलाबी तेच वाटलं. म्हून चौसाळ्याला जाऊन त्या दुकानदाराशी भांडलो. चार गिऱ्हाइकं उभी असताना म्हणलो, तू आमाला बोगस बी दिलं. तो गरीब माणूस, हात जोडून इतकंच म्हणाला, बद्रीभाऊ, त्याच पिशवीतलं विहिरीकडं पेरलं ते कावून पिकलं? वैनी, मी जिंदगीत कुणाची इज्जत काढली न्हाई, अन् त्या दिवशी काढून बसलो. काल जाऊन माफी मागून आलो.

केसरबाई : मंग खरं काय निघालं?

बद्रीनाथ : कृषी ऑफिसच्या वर्षाराणी मॅडम आलत्या. आमच्या तेजूपेक्षा चार-पाच सालानं मोठी आसंल, पण धुरा अन् धुरा हिंडली पोरगी. मला म्हणाली, काका, सोयाबीन रात्र मोजतं. मला हसूच आलं. मंग तिनं नीट सांगितलं. आखाडापासून रात्र वाढाया लागती, ते झाडाला कळतं. पुरता अंधार मिळाला की ते समजतं, आता वाढणं बास, फुलाला लागायचं. अन् ज्याला अंधारच मिळत न्हाई, त्याला वाटतं अजून मिरगच चालू हाय. ते आपलं वाढतच बसतं.

केसरबाई : अन् ह्याला अंधार कावून मिळाला न्हाई?

बद्रीनाथ : आता ते काय... औंदा आभाळबी जरा...

केसरबाई : भाऊजी.

बद्रीनाथ : जाऊ द्या ना, वैनी. एका सालानं काय व्हतंय.

केसरबाई : तानाजीच्या दिव्यानं झालं ना?

बद्रीनाथ : मी तसं म्हणलो न्हाई.

केसरबाई : तुमी म्हणणारच न्हाई. दोन साल झाले, तो खांब तुमच्याबी खिडकीत उजेड वततोय. तुमी कवा एक अक्षर काढलं?

बद्रीनाथ : कसं काढू? दादाच्या नावाची पाटी हाय त्याच्यावर. दादा रातच्या लाइटला मोटर चालू करायला गेला अन् तिथंच त्याला पान लागलं. गावात दोन हायमास्ट आलते. एक देवळापुढं लागला. दुसऱ्यासाठी तानाजी सरपंचाच्या दारात चार दिस बसला. म्हणला, माझा बाप अंधारात साप चावून गेला, माझ्या मायच्या वस्तीवर आता अंधार नको. अन् मी त्या पोराला काय सांगू? तुझ्या बापाचा दिवा बंद कर, माझ्या सोयाबीनला झोप येत न्हाई म्हून?

केसरबाई : आज येतोय तो. दसऱ्याची सुट्टी हाय. चौसाळ्याला उतरलाय, आत्ताच फोन आलता.

बद्रीनाथ : मंग मी उठतो.

केसरबाई : बसा. एक सांगा. आजपासून अंधार मिळाला तर ते पिकंल का?

बद्रीनाथ : मॅडम म्हणल्या, दिवाळीनंतर म्हैन्याभरानं काय तरी हाताला लागंल. समदं न्हाई, निम्मं-शिम्मं. तसंच राहिलं तर मात्र कापून गुरांना टाकायचं.

केसरबाई : खांबाच्या पेटीची किल्ली माझ्याच कमरंला हाय.

बद्रीनाथ : ठाव हाय मला. म्हून तर चहा गिळंना.

केसरबाई : पण मी न्हाई मालवायची.

बद्रीनाथ : मी कुठं मालवा म्हणलो? दादाचा दिवा...

केसरबाई : दादाचं नाव घेऊ नका. त्यांच्यापायी न्हाई. तुमच्या दादाला त्या उजेडात डोळा लागला नसता. मलाबी लागत न्हाई. दोन साल झाले, डोळ्यांवर लुगड्याची घडी ठिवून पडते. गाय रातभर उठबस करती. पहाट कवा झाली ते झाडावरच्या कावळ्यांनाबी कळंना झालंय, एक वाजताच कलकल सुरू करतेत.

बद्रीनाथ : आता काय बोलावं. आमाला वाटायचं, वैनीच्या वस्तीवर कसा लख्ख उजेड हाय.

केसरबाई : अजून ऐका. उजेडाला किडे येतेत. किड्यांना खायला बेडकं येतेत. अन् बेडकांच्या मागं कोण येतं?

बद्रीनाथ : दिवेलागण व्हत आली. नाव घेऊ नका.

केसरबाई : तीन बार बघितलं मी. खांबाच्या बुडाला, येटोळं घालून बसलेलं. खांब न्हवता तवा ह्या अंगणात मी लांबडं कवा बघितलं न्हवतं.

बद्रीनाथ : दिव्याखाली अंधार असतो हे ऐकलं व्हतं. दिव्याखाली लांबडं पयल्यांदाच ऐकतोय. ज्याच्यापायी दिवा लावला तेच येऊन बसाया लागलं, अन् तुमी गप? मंग मालवत कावून न्हाई, वैनी?

केसरबाई : हसाल तुमी.

बद्रीनाथ : मी तुमाला कवा हसलो?

केसरबाई : तानाजीचा फोन येतो. रोज, सात वाजता. म्हणतो, माय, दिवा लागला का? मी म्हणते, लागला. मंग म्हणतो, जेवलीस का? मी म्हणते, जेवले. बास. तेवढंच. पण रोज येतो, भाऊजी. आधी पंधरा-पंधरा दिस येत न्हवता. कंपनीत पाळी हाय, मीटिंग हाय, काय न् काय. दिवा लागल्यापासून एक दिस चुकला न्हाई. दिवाच न्हाई लागला तर तो काय इचारंल?

बद्रीनाथ : ...मला वाटलं तुमी दादासाठी धरून बसल्या. मनातल्या मनात रागवलोबी व्हतो तुमच्यावर. राहू द्या, वैनी. दिवा राहू द्या. पुढल्या साली तिथं दुसरं काय तरी लावीन मी.

केसरबाई : चहा टाकून द्या तो. दुसरा करते. हा बगा, आलाच.

तानाजी : माय! अरे, काका पण इथंच आहेत. बरं झालं. ही तेजूसाठी पुस्तकं आणली होती, तुमच्याच जवळ देतो. माय, दिवा अजून लागला नाही?

केसरबाई : लागंल. पयले पाणी पी. त्याला टायमर हाय, तुझ्यासारखी घाई न्हाई त्याला.

तानाजी : काका, हे काय? दसरा आला अन् सोयाबीन अजून असं?

बद्रीनाथ : उशिरा पेरलं व्हतं, लेकरा.

तानाजी : पेरणीला मी इथंच होतो की. आपण एकाच दिवशी पेरलं. आमचं पलीकडच्या शेतातलं तर मायनं कधीच काढलं.

केसरबाई : तुझ्या काकाला खोटं बोलता येत न्हाई. उगं कशाला त्याला घाम फोडतो. तुझ्या दिव्यानं त्याचं पीक थांबलंय, तान्या.

तानाजी : काय?

बद्रीनाथ : मॅडम तसं म्हणल्या, इतकंच. रातचा उजेड पडला की ते फुलाला लागत न्हाई. तेजूनं टाकीवर चढून फोटो काढला, ह्या फोनात हाय बग. खांबापासून निघून पंख्यागत पसरलंय हिरवं. उजेड संपला तिथं पीक पिकलंय. पण तू मनाला लावून घेऊ नको.

तानाजी : म्हणजे सोयाबीनसाठी बाबांचा दिवा बंद करायचा.

बद्रीनाथ : मी म्हणलो का तसं?

तानाजी : तूर लावा ना तिथं पुढच्या वर्षी.

बद्रीनाथ : तूरबी रात्रच मोजते. तेबी इचारून आलो.

तानाजी : काका, माय इथं एकटी असते. तुम्हाला एक एकर दिसतं, मला ती दिसते. पुण्यात रात्री झोपताना मला एकच समाधान असतं, की वस्तीवर उजेड आहे. बाबांना अंधारात दिसलं नाही म्हणून...

केसरबाई : तुझ्या बापाला अंधारात दिसायचं.

तानाजी : माय, तू मधे बोलू नको.

केसरबाई : मीच बोलणार. नवरा माझा गेलाय. तुझा बाप राती बाहेर पडायच्या आधी उंबऱ्यात उभा राहायचा. मनात आकडे मोजायचा. अंगणातली बैलगाडी डोळ्याला दिसली की मंगच पाऊल टाकायचा. तुलाबी शिकवलं व्हतं, तू एवढासा व्हतास. त्या हप्त्यात तीन रात्री लागोपाठ दोन वाजता लाइट आली. तीन रात्री तो निजला न्हाई. चौथ्या रातीला त्यानं आकडे मोजले न्हाईत. डोळे मिटत मिटत गेला. दिसलं न्हाई म्हून न्हाई रे, थकला व्हता म्हून.

तानाजी : मला माहितीय.

केसरबाई : काय माहितीय?

तानाजी : तो थकला होता ते. मीच त्याला थकवलं. मोटरीचा ऑटो घेऊन ठेवला होता मी, माय. काका, त्यानं घरी बसून मोबाईलवरून मोटर चालू होते. विहिरीवर जायचंच काम नाही. दोन महिने माझ्या रूमवर पडून होता. दर शनिवारी म्हणायचो, पुढच्या शनिवारी जाऊन बसवतो. बाबा फोनवर म्हणायचा, येशील सावकाश, घाई न्हाई.

केसरबाई : ठाव हाय मला.

तानाजी : तुला कसं? मी कुणालाच सांगितलं नाही.

केसरबाई : त्याचा खोका तू फडताळात, जुन्या कपड्यांखाली ठिवलाय. झाडताना उचलते अन् परत तसाच ठिवते. तू सांगशील म्हून वाट बघत व्हते.

बद्रीनाथ : अरं, एवढं मनात घेऊन हिंडत व्हतास का? मला तरी बोलायचं. चुलता काय फकस्त धुऱ्यावर भांडायला असतो का?

तानाजी : काय बोलणार होतो, काका. ऑटो बसवायला उशीर झाला, मग म्हटलं निदान दिवा तरी...

केसरबाई : इकडं बस. असा माझ्यापाशी. माणूस गेलं की त्या जागेवर दिवा ठिवतेत, बग. पिठावर. किती दिस ठिवतेत?

तानाजी : दहा.

केसरबाई : अन् दहाव्याला कावून मालवतेत? तुमी सांगा, भाऊजी.

बद्रीनाथ : वाट दिसावी म्हून लावतेत. वाट दिसली की मालवतेत. न्हाई तर जीव उजेडाला अडकून राहतो, म्हणतेत. आमची आजी तसंच सांगायची.

केसरबाई : तुझा दिवा दोन साल जळतोय, बाळा. तुझा बाप कवाच गेला वाटंनं. अडकला तो तू.

तानाजी : पण तू तर रोज म्हणायचीस, लई छान उजेड पडतो.

केसरबाई : उजेड पडतो की. इतका पडतो की मला दोन साल नीट झोप न्हाई. इतका पडतो की खांबाखाली तीन बार लांबडं येऊन बसलं, बेडकं खायला. उजेडाच्या बाहेर पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं काळंकुट्ट व्हतं, पायाखालचं दिसत न्हाई.

तानाजी : खांबाखाली? आपल्या अंगणात? अन् मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? रोज फोन करत होतो मी.

केसरबाई : म्हूनच न्हाई सांगितलं.

तानाजी : म्हणजे?

केसरबाई : दिवा नको म्हणले असते, तर तू कशासाठी फोन केला असता?

बद्रीनाथ : मी जरा गायीला बघून येतो.

तानाजी : बसा, काका. जाऊ नका. माय, मला असं का वाटू दिलंस? मी दिव्यासाठी फोन करत होतो का?

केसरबाई : मला काय ठाव? तू दुसरं कवा काय इचारलंस?

तानाजी : सुचायचंच नाही गं. फोन लावायचो, अन् बाबाचा विषय निघेल म्हणून भ्यायचो. मग दिवा लागला का, एवढंच तोंडातून निघायचं. तू लागला म्हणलीस की बरं वाटायचं. तुझा आवाज ऐकला की बरं वाटायचं, माय. दिव्याचं कुणाला काय.

केसरबाई : हे दोन सालाआधी बोलला असतास तर भाऊजींचं एक एकर वाचलं असतं.

बद्रीनाथ : लागला बगा. आला उजेड.

तानाजी : काका, तुमचं धुऱ्याजवळचं रान इथून पूर्ण पांढरं दिसतंय.

बद्रीनाथ : रातभर असंच असतं ते, लेकरा.

तानाजी : तो फोटो परत दाखवा बरं. मघाशी नीट बघितला नाही. हे बघा, हे सगळं हिरवं. पण हे मधेच काय आहे? ह्या हिरव्यात एवढा तुकडा पिवळा?

बद्रीनाथ : हां, ते. तेवढ्या पाच-सहा हातांत पिकलंय. शेंगा भरल्यात, हलवल्या की वाजतेत. मॅडम गेल्यावर तेजूला दिसलं. मला वाटलं, तिथं दुसरंच बी सांडलं आसंल.

तानाजी : बी तेच आहे, काका. इकडं बघा, हा धुरा. अन् धुऱ्यावर हे काय उभं आहे?

बद्रीनाथ : दादाची गाडी.

तानाजी : बैल विकले तेव्हा मीच ओढत नेऊन तिथं लावली. जू वर करून. तेव्हापासून हलवली नाही कुणी. खांब इकडं, गाडी मधे, अन् सोयाबीन पलीकडं.

बद्रीनाथ : म्हंजी गाडीच्या सावलीत...

तानाजी : सावली पडली तेवढंच पिकलं. त्याला रात्र मिळाली.

केसरबाई : मला चष्मा द्या. दाखव. मोठं कर ते. हे जू का?

तानाजी : हो. हे जू, अन् ही साटी.

केसरबाई : त्यांची खोडच तशी. स्वतःच्या ताटात काय न्हाई राहिलं तरी भावाच्या वाटणीचं चार घास काढून ठिवायचे. गेले तरी ठिवलंच.

बद्रीनाथ : वैनी, आता मला रडायला लावू नका. पोरापुढं बरं दिसत न्हाई.

तानाजी : माय, किल्ली दे.

केसरबाई : तुझा तूच मालव. पण हात जोडून मालव. दिवा हाय तो.

तानाजी : सरपंचाला उद्या सांगतो. शाळेपुढं न्यायचा असेल तर नेऊ देत, तोंड खाली वळवून. अन् सकाळी उठलो की आधी ऑटो बसवतो. दारात एक अन् मोटरीपाशी एक छोटा बल्ब लावू, फक्त पायाखाली उजेड पाडणारा. लागला तर लावायचा, नाहीतर बंद. बॅटरी तुझ्या उशाला. चालेल?

केसरबाई : पळंल. जा आता. बूट घालून जा, अन् खांबाच्या बुडाला बघून पाय टाक.

(पेटीचं दार वाजतं. दिवा मालवतो.)

तानाजी : माय, काहीच दिसत नाहीये. कुठं आहेस तू?

केसरबाई : हाय तिथंच हाय. जागचा हलू नको. मोज.

तानाजी : आता? ह्या वयात?

केसरबाई : बाप साठीपर्यंत मोजत व्हता. मोज.

तानाजी : एक. दोन. तीन. चार...

बद्रीनाथ : वैनी, किती गार वाटतंय हो डोळ्याला. एवढ्या चांदण्या हायत का अजून? मला वाटलं, कमी झाल्या.

केसरबाई : बोलू नका, त्याचा आकडा चुकंल.

तानाजी : ...एकावन्न. बावन्न. दिसली. माय, गाडी दिसली. आधी जू दिसलं, मग चाक.

केसरबाई : कितीला?

तानाजी : बावन्नला.

केसरबाई : तुझ्या बापाला तिसालाच दिसायची. व्हईल सवय.

बद्रीनाथ : मला तर अजून दिसली न्हाई.

केसरबाई : तुमी आधी मोतीबिंदू काढून घ्या. ये, तान्या. सावकाश ये. आता वाट दिसती ना?

तानाजी : दिसते. माय...

केसरबाई : काय?

तानाजी : परवा मी परत जाणार. मग संध्याकाळी सात वाजता काय विचारू?

केसरबाई : गाडी कितीला दिसली, ते इचार.